मरणाला कसलं सेटिंग?

मला एका चौकटीतला माझा ईमेल पत्ता काढून तिथे दुसऱ्या कुणाचा तरी घालायचा होता. काम एवढंच होतं. माझ्या अंदाजाने त्याला चहा निवेपर्यंतचा वेळ लागायला हवा होता. प्रत्यक्षात मधल्या मध्ये एक धडधाकट माणूस वारला, त्याच्या अंत्यदर्शनाला गाड्या भरून लोक कागलला गेले, आणि शिवाजी पेठेत मी भाजी घ्यायला उभी राहिले की बायका बोलायच्या थांबू लागल्या.

क्रमाने सांगते. आमचं ‘उगवती प्रभात फेरी मंडळ’ आहे. आम्ही रोज सकाळी रंकाळा तलावाला फेरी मारतो. आम्ही डावीकडून जातो आणि दुसरं एक मंडळ उजवीकडून येतं, त्यामुळे निम्म्या वाटेवर रोज समोरासमोर गाठ पडते. दोन वर्षांपूर्वी त्या मंडळाने वेबसाइट काढली आणि गाठ पडली की ‘आमच्या साइटवर बघा की’ असं म्हणायला सुरुवात केली. चालण्यासाठी वेबसाइट कशाला लागते, हा प्रश्न आमच्यात कुणी विचारला नाही. मी विचारायला हवा होता. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. प्रयोगाचा हेतू आधी लिहायचा असतो, हे मी हजारो मुलांना सांगितलं आहे.

ज्या गृहस्थांनी साइट बांधून दिली, त्यांनी रंकाळ्याच्या बाकावर बसून विचारलं, “सेटिंगमध्ये एक प्रशासकीय ईमेल लागतो. कुणाचा घालू?” सगळ्यांनी खिसे चाचपले. स्वतःचा पत्ता स्पेलिंगसकट पाठ असलेली मी एकटीच निघाले. “तात्पुरता घालतो,” असं म्हणून त्यांनी तो घातला आणि पुढच्या महिन्यात ते बंगळुरूला कायमचे राहायला गेले.

वेबसाइटच्या पोटात एक साधा तक्ता असतो. डावीकडे खाचेचं नाव, उजवीकडे तिच्यात ठेवलेली गोष्ट. साइटचं नाव काय, तारीख कशी लिहायची, आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, अधिकृत पत्ता कुणाचा. साइट कोणतंही काम करण्याआधी त्या तक्त्यात डोकावते आणि तिथे जे दिसेल ते करते. स्वतः विचार करत नाही. प्रयोगशाळेतल्या कपाटासारखं आहे ते. बाटलीवर जे लेबल असेल त्याच भरवशावर पुढचा माणूस ओततो. तर या तक्त्यात माझा पत्ता असल्यामुळे साइटवरून जाणारा प्रत्येक मेल ‘भैरवी इनामदार’ या नावाने जाई, आणि त्याला आलेलं प्रत्येक उत्तर माझ्याकडे येई. कुणाची काठी बाकावर राहिली, कुणाची कानटोपी बदलली, कोण फेरी अर्धवट सोडून मिसळ खायला गेलं, ही सगळी माहिती मला सकाळी चहाबरोबर मिळत असे. शिवाय सबंध जगातून माझ्या टकलावर केस उगवून देण्याची पत्रं येत. मला टक्कल नाही.

“सोडून दे ना सरळ,” माझे यजमान सौमित्र म्हणाले. निवृत्तीनंतर ते सगळ्याच प्रश्नांवर हे उत्तर देतात.

मी सेटिंग उघडलं, आमचे कार्यवाह अंबादासराव यांचा पत्ता त्या चौकटीत घातला आणि जतन केलं. साइटने नम्रपणे कळवलं की, नव्या पत्त्यावर एक लिंक पाठवली आहे. त्या माणसाने ती दाबून स्वीकार केल्याशिवाय जुनाच पत्ता चालू राहील. मला ही व्यवस्था सुरुवातीला फार सुसंस्कृत वाटली.

अंबादासराव एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. मी त्यांना बाकावर गाठलं.

“बाई, लिंक आलीय,” ते म्हणाले. “पण अनोळखी लिंक दाबू नका म्हणून बँक रोज कळवते.”

“अनोळखी कुठे? मीच पाठवलीय.”

“फसवणारा असंच म्हणतो.”

मग मी अध्यक्षांचा पत्ता घातला. आमचे अध्यक्ष बाळासो, साखर कारखान्यात पाळीप्रमुख होते. यंत्रांच्या आवाजात बोलायची सवय अजून गेलेली नाही. रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरून त्यांचं ‘राम राम’ ऐकू येतं.

“आवो बाई, अध्यक्षानं सही करायची असती! दाबादाबी कार्यवाहानं करायची. तुमी तो मेल छापून आना, मी सही ठोकतो की!”

“सहीने होत नाही ते.”

“मग त्येला काय अर्थ हाय?”

उरल्या उपाध्यक्ष आक्का. त्यांनी आनंदाने होकार दिला आणि आठवडाभर काही झालं नाही. विचारलं तर म्हणाल्या, “माझा मेल आजऱ्याला असतो.”

“आजऱ्याला कशाला?”

“पोराच्या फोनात हाय न्हवं! काजूच्या गडबडीत हाय तो. गनपतीला आला की बघतो की मी.”

गणपतीला चार महिने होते. अशा रीतीने मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांना विचारून झालं आणि माझा पत्ता जागचा हलला नाही. त्या चौकटीखाली ‘बदल प्रलंबित आहे’ अशी ओळ मात्र कायमची येऊन बसली.

मी रोज उठून लिंकबद्दल विचारते याचं अंबादासरावांच्या मनाला लागलं असावं. त्यांनी ठरवलं की, लिंक न दाबता आपण आतूनच काम मंजूर करायचं. ते स्वतः साइटच्या सेटिंगमध्ये शिरले. मंजुरीचं बटण त्यांना मिळालं नाही. पण वाटेत, नवी नोंद कोणत्या सदरात जावी, अशी एक खाच दिसली. तिच्यात ‘अवर्गीकृत’ असं लिहिलेलं होतं. आवक-जावकमध्ये हयात घालवलेल्या माणसाला हा शब्द बघवेना. वर्गाविना कागद म्हणजे हरवलेला कागद. त्यांनी सदरांची यादी उघडली आणि ज्यात सर्वात जास्त नोंदी होत्या ते सदर त्या खाचेत बसवलं. त्यांच्या दृष्टीने हे निर्दोष होतं, आणि तर्कात मलाही चूक काढता येत नाही. फक्त आमच्या मंडळाचं सरासरी वय पाहता, आमचं सर्वात भरलेलं सदर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे होतं.

काही दिवस यातलं कुणालाच काही कळलं नाही, कारण काही दिवस कुणी काही लिहिलं नाही. मग आमचे सभासद उदयसिंह यांची पंचाहत्तरी आली.

उदयसिंहांना सगळे आबा म्हणतात. पेठेतल्या फुटबॉलचे ते जुने पंच. गल्लीतली मोठमोठी माणसं अजूनही त्यांच्यासमोरून जाताना शर्टाची बटणं लावतात. वाढदिवसाच्या सकाळी बाळासोंनी स्वहस्ते साइटवर नोंद टाकली. वर आबांचा फोटो: डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार, नजर दूर कुठेतरी. खाली मजकूर: ‘रांगडा गडी, दिलदार दोस्त, पेठेच्या फुटबॉलचा आधार. आबा, तुमच्यासारखा मानूस पुन्हा होनार न्हाई.’ मी हा मजकूर नंतर अनेकदा, अगदी पृथक्करण करावं तसा वाचला आहे. माणूस आहे की गेला, हे ठरवता येईल असा एकही शब्द त्यात नाही. ते सदराच्या नावावरून कळायचं. बाळासोंनी सदर निवडलं नाही. साइटने तक्त्यात पाहिलं, काळी पट्टी लावली, शेजारी समई ठेवली आणि सगळ्या सभासदांना मेल पाठवला: ‘भावपूर्ण श्रद्धांजली: आदरणीय आबा’. प्रेषक, भैरवी इनामदार.

मी दूध तापवत होते. आक्कांचा फोन आला. रडत होत्या.

“बाई, आबा कवा गेलं वो?”

“कुठे गेले?”

“आसं काय इचारता? तुमीच कळवलंय न्हवं? पोरानं आजऱ्यासनं फोन केला!”

मी साइट उघडली आणि काय झालं ते मला लगेच कळलं. इतकं लगेच कळून काही उपयोग नसतो, हा या विषयातला माझा एकमेव मौलिक निष्कर्ष आहे. मी ती नोंद काढून टाकली. पण गेलेला मेल परत बोलावता येत नाही. म्हणून मी तातडीने नवी नोंद लिहिली: ‘उदयसिंह आबा हयात आहेत’. घाईत होते. सदर मीही निवडलं नाही. सगळ्यांना दुसरा मेल गेला: ‘भावपूर्ण श्रद्धांजली: उदयसिंह आबा हयात आहेत’. काळी पट्टी, समई, माझं नाव.

दूध उतू गेलं. सौमित्र स्वयंपाकघराच्या दारात फोन घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “नक्की काय ते एकदा ठरवून कळव.”

मी आबांना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग चप्पल घालून त्यांच्या घरी गेले. बाहेर ही गर्दी. दाराला कुलूप होतं आणि आतून आबांचा फोन वाजताना ऐकू येत होता. तो फोन ऐकून लोकांची उरलीसुरली शंका गेली. लेकीचा नंबर कुणाकडे नव्हता; शेजारणीने एवढंच सांगितलं की आबांना पहाटेच गाडीतून कागलला, लेकीकडे नेलं. ‘नेलं’ या क्रियापदावर गर्दीतून एक हुंदका आला. चौकात आबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आदल्या दिवशीच लागला होता. तालमीतल्या उत्साही मंडळींनी ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ या ओळीवर तेवढ्यात कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर रंगाने ‘श्रद्धांजली’ लिहिलंही होतं. फोटो बदलावा लागला नाही.

“ऐका, आबांना काहीही झालेलं नाही,” मी म्हटलं. माझा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, पण वर्ग गप्प असला तरच.

“बाई, धक्का बसलाय तुमास्नी,” बाळासो म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. काळी पट्टी पाहून ते हबकले होते. मजकूर आपलाच आहे हेसुद्धा त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. “काय सुंदर लिवलंय तुमी. माझ्या मनातलंच लिवलंय.”

“ते तुम्हीच लिहिलंय बाळासो. वाढदिवसाचं आहे ते.”

“बसा गाडीत.”

मी बसले. निदान तिथे जाऊन कुणी आबांच्या मुलीसमोर रडू नये, असं मला वाटत होतं. पुढच्या सीटवर आक्का, त्यांच्या मांडीवर पानं-फुलांचं मोठं चक्र, मागे मी, अंबादासराव आणि आणखी दोघं. महामार्ग लागेपर्यंत मी त्यांना समजावलं. प्रत्येक नोंदीला सदर असतं. ते आपण निवडलं नाही तर साइट आधीच ठरवून ठेवलेलं सदर लावते. ते ठरवून ठेवलेलं कुणीतरी बदललं आहे. म्हणजे ही श्रद्धांजली सेटिंगमुळे आली.

आक्कांनी वळून माझ्याकडे पाहिलं. “बाई, तुमी शिकल्याली मानसं. पन मरनाला कसलं सेटिंग वो? त्ये वरनंच येतं.”

अंबादासराव खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. त्या क्षणी त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कागल येईपर्यंत तोंड बाहेरच ठेवलं.

आबा लेकीच्या अंगणात खुर्चीवर बसले होते. समोर ताट. मुलगी, क्रांती, तांबड्या रश्श्याची वाटी पुढे करत होती. गाड्यांमधून एकामागून एक पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरू लागली तसा आबांचा घास हातातच राहिला.

“आयला, पेठ रिकामी करून आलाय की!” ते म्हणाले. “एवढ्या समद्यांचं मटन कुटलं वो आनायचं? आदी सांगायचं न्हाय व्हय?”

बाळासो जागच्या जागी थांबले. मग धावत गेले, आबांना मिठी मारली आणि लगेच त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. “जित्ता हाईस व्हय रं!”

“का? तुला काय अडचन हाय?”

क्रांतीची नजर फुलांच्या चक्राकडे गेली. आक्कांनी ते बघितलं आणि क्षणभरही न दवडता ते आबांच्या गळ्यात घातलं. “वाढदिवसाचा हार हाय ह्यो. मोटा मिळाला.” तो हार आबांच्या खांद्यांवरून खाली घसरून कमरेत अडकला, पण प्रसंग निभावला.

सगळे जेवले. काय झालं ते मी पुन्हा एकदा सांगितलं. आबांनी माझा फोन मागून घेतला आणि मेलमधली स्वतःची श्रद्धांजली सावकाश वाचली. खाली माझ्याकडे आलेली उत्तरं होती, तीही वाचली. पुष्कळ होती. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, आता हे रागावणार.

“आकारामचं न्हाय आलं,” ते शेवटी म्हणाले. “चाळीस वर्सांची दोस्ती, आनि दोन वळी लिवायला झाल्या न्हाईत त्येला.”

पुढचा आठवडा मला आठवायचा नाही. आबा हयात आहेत याचा पुरावा म्हणून ते स्वतः पेठेतून हिंडत होते, तरी लोक मला थांबवून ‘बाई, आसं का केलं वो?’ असं विचारत. दुसऱ्या मंडळाने रंकाळ्यावर आमची गाठ पडताच टोप्या काढून दोन मिनिटं स्तब्धता पाळली. सदराची खाच मी त्याच रात्री पूर्ववत केली, पण ती पुन्हा कुणी बदलली तरी मेलवर नाव माझंच जाणार होतं. पत्त्याची ती चौकट बदलल्याशिवाय पुढचा मृत्यूही माझ्याच नावाने होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आमच्या मंडळात वाढदिवस बरेच आहेत.

रविवारी बाकावर सभा बसली. अंबादासरावांनी घसा साफ करून कबूल केलं की ‘अवर्गीकृत’ त्यांनीच काढलं. “वर्गाविना कागद ठेवणं माझ्या स्वभावात नाही,” एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मग सेटिंगला हात लावण्याचा अधिकार आणखी कुणाकुणाला आहे, हे मी वाचून दाखवलं. सगळ्यांना होता. साइट सुरू झाली तेव्हा कुणाला संपादक करायचं, कुणाला लेखक आणि कुणाला नुसतं वाचक, अशी विभागणी मी सुचवली होती. अध्यक्षांना प्रशासक केल्यावर उपाध्यक्ष रुसल्या, त्यांना केल्यावर कार्यवाह रुसले, आणि महिना संपेपर्यंत मंडळातला प्रत्येक माणूस प्रशासक झाला होता. एकही वाचक शिल्लक नव्हता.

“ते राहू दे,” मी म्हटलं. “माझा पत्ता काढा. दुसऱ्या कुणीतरी लिंक दाबा. मी आणखी काही मागत नाही.”

सगळे पाण्याकडे बघू लागले. रंकाळ्यात बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

“लिंकमधी लई फसवनूक हाय वो,” बाळासो हळू आवाजात म्हणाले. हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा मागच्या बाजूने आबा उठले. “माझा घाला.”

“आबा, पैसं जातील, इज्जत जाईल,” आक्का म्हणाल्या. “मानूस उटतो आयुष्यातनं.”

“मी उटलोयच की! समद्या पेठेनं मला पोचवून झालंय. मेल्याल्या मानसाला कोन फशिवनार? आना हिकडं ती लिंक.”

मी तिथल्या तिथे त्यांचा पत्ता चौकटीत घातला. त्यांच्या फोनवर मेल आला. आबांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि बोट असं दाबलं की, फोन फुटेल असं मला वाटलं. थोड्या वेळाने माझ्या फोनवर ओळ उमटली: प्रशासकीय ईमेल बदलला आहे. मी ती ओळ दोनदा वाचली.  घरी येऊन दुपारी मी झोपले. एरवी मी दुपारी झोपत नाही.

सोमवारी सकाळी बाळासोंचा फोन आला. आवाज मूळपदावर आला होता.

“बाई, आबानं काय केलंय बघितलासा काय? समद्यास्नी काडलं! अध्यक्षाला वाचक केलंय! त्येला इचारलं तर म्हनतोय, मैदानात शिट्टी एकाच्याच गळ्यात पायजे. आक्का रडालीया. अंबादास जेवला न्हाई.”

“मला?”

“तुमास्नी बी काडलं की! तेच सांगालोय. तुमच्याकडं मागचं दार असंल न्हवं? तुमी त्यातल्या जानकार. गुपचूप आत जावा आनि आमचं हक्क परत द्या.”

मागचं दार होतं. ज्या कंपनीच्या यंत्रावर साइट ठेवली आहे, तिचा पासवर्ड माझ्याकडे आहे. तिथून थेट त्या तक्त्यांपर्यंत जाता येतं आणि कुणालाही काहीही करता येतं. मी आधी समोरून शिरून बघितलं. डावीकडची सेटिंगची यादी नाहीशी झाली होती. नोंदी, सदरं, सभासद, सगळं गेलं होतं. माझं नाव होतं आणि त्याखाली एक शब्द: वाचक.

“बाई, हाईसा न्हवं?” बाळासो फोनवर ओरडत होते.

“बाळासो,” मी म्हटलं, “मला तो अधिकार नाही.”

“मग अर्ज करा की!”

“करते,” असं म्हणून मी फोन ठेवला.

सौमित्रनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, “काय म्हणतात?” मी म्हटलं, काही नाही, आबांची पहिली सूचना आलीय. खरंच आली होती. उद्यापासून फेरी दहा मिनिटं आधी निघेल, उशिरा येणाऱ्याला पिवळं कार्ड. खाली तारीख होती आणि ती उलटी पडली होती, महिना आधी आणि दिवस नंतर. सामान्य सेटिंग, तारखेची मांडणी, वरून दुसरा पर्याय. इतकं सोपं होतं. मी ती उलटी तारीख बराच वेळ बघत राहिले. मग पान बंद केलं आणि दुसरा चहा टाकला.